दोनशे मिनिटांची वाटणी : कॉलेज बास्केटबॉलमधल्या नवख्या आणि मुरलेल्या खेळाडूंची पार्श्वभूमी

मार्च 2024, पिट्सबर्ग. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत तिसऱ्या मानांकनाच्या केंटकीला मिशिगनमधल्या ओकलंड विद्यापीठाने 80-76 असं घरी पाठवलं. ओकलंडचं मानांकन चौदावं होतं. त्या रात्री दहा थ्री (लांबून मारलेले तीन-तीन गुणांचे फटके) मारून 32 गुण करणारा त्यांचा खेळाडू आदल्या वर्षापर्यंत दुसऱ्या श्रेणीतल्या एका छोट्या कॉलेजात खेळत होता. पदवी घेऊन, वयाच्या चोविसाव्या वर्षी तो इथे आला होता. केंटकीकडे त्याच जूनमध्ये ड्राफ्टला (व्यावसायिक लीगच्या, म्हणजे एनबीएच्या, खेळाडू-निवडीत) तिसऱ्या आणि आठव्या क्रमांकावर उचललेले दोन फ्रेशमन, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे खेळाडू, होते, आणि ते दोघंही हंगामातल्या बहुतेक सामन्यांत बेंचवरून आले. सामन्यानंतर केंटकीच्या प्रशिक्षकांनी जे सांगितलं त्याचा आशय असा, की आमची एकोणीस वर्षांची पोरं आता चोवीस-पंचवीस वर्षांच्या गड्यांशी खेळतायत. महिनाभरात ते दुसऱ्या विद्यापीठात गेले.

त्या पराभवावर दोन तट पडले. एक म्हणतो, पोरांच्या भरवशावर राहिले म्हणून हरले. दुसरा म्हणतो, सर्वांत चांगल्या पोरांना सुरुवातीला बसवून ठेवलं म्हणून हरले. दोघंही पुरावा म्हणून तोच सामना दाखवतात.

चाळीस मिनिटांचा सामना, कोर्टवर पाच जण, म्हणजे प्रशिक्षकाच्या हातात दोनशे मिनिटं. ती कुणाला किती द्यायची हा प्रशिक्षकाच्या स्वभावाचा प्रश्न आहे असं आपण बोलत राहतो. अमुक प्रशिक्षक सीनियरवर, म्हणजे चौथ्या वर्षाच्या खेळाडूवर, विश्वास टाकतो, तमुक पोरांना सोडतो. पण या वाटणीचा इतिहास पाहिला तर कोर्टवर कोण उपलब्ध आहे हे बऱ्याचदा नियमांनीच आधी ठरवून टाकलेलं दिसतं, आणि प्रशिक्षकाकडे उरतो तो त्यातला एक भाग.

कित्येक दशकं तर हा प्रश्न उभाच राहत नव्हता. दुसरं महायुद्ध आणि कोरियाचं युद्ध या काळातला अपवाद सोडला तर फ्रेशमनला मुख्य संघात खेळायला बंदी होती. त्यांचा वेगळा संघ असे, वेगळे सामने असत. 27 नोव्हेंबर 1965 ला कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाच्या फ्रेशमन संघाने आपल्याच मुख्य संघाला 75-60 असं हरवलं. हा मुख्य संघ लागोपाठ दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता होता. फ्रेशमन संघाच्या सेंटरने (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूने) एकट्याने 31 गुण केले, आणि तरी ते वर्ष त्याला बाहेरच काढावं लागलं. मुख्य संघाला त्या हंगामात विजेतेपद राखता आलं नाही. तो सेंटर आत आला आणि पुढची तिन्ही वर्षं विजेतेपद तिथेच राहिलं. 1972-73 पासून बंदी उठली. त्यामागे वेगळा संघ पोसण्याचा खर्च वाचवणं हे एक मोठं कारण होतं. कुणाला प्रतिभेचा साक्षात्कार झाला होता असं नाही.

नियम गेला तरी रीत टिकली. नॉर्थ कॅरोलायनात फ्रेशमनने सामान वाहायचं, सरावात बाहेर गेलेला चेंडू धावत जाऊन आणायचा, आणि घरच्या शेवटच्या सामन्यात सुरुवातीच्या पाचांत सीनियरच उभे राहायचे, मग ते वर्षभर बेंचवर का बसलेले असेनात. तिथे फ्रेशमनने पहिल्या पाचांत येणं ही बातमी होती. 1982 मध्ये अशाच एका फ्रेशमन गार्डने (बाहेरून खेळणाऱ्या खेळाडूने), मायकल जॉर्डनने, अंतिम सामन्यातली निर्णायक बास्केट टाकली, 63-62. पुढे जगाने त्याला ज्या रूपात पाहिलं त्यामुळे तो अपवाद होता हे विसरलं जातं. मिशिगनने 1992 च्या फेब्रुवारीत पाचही फ्रेशमन उतरवले तेव्हा मात्र भिंतीला खरं भगदाड पडलं. ती पोरं अंतिम फेरीत पोचली आणि मुरलेल्या ड्यूककडून 71-51 अशी हरली.

1995 नंतरचं दशक या प्रश्नाच्या दृष्टीने ओसाड आहे, कारण सर्वांत गुणी पोरं शाळेतून थेट व्यावसायिक लीगमध्ये जाऊ लागली होती. 2005 मध्ये लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत करार झाला. ड्राफ्टला किमान वय 19, आणि अमेरिकी खेळाडूची शाळा सुटून एक वर्ष झालेलं हवं. ‘वन-अँड-डन’ची पद्धत यातून आली. एक वर्ष कॉलेजात, मग रामराम. हा नियम कॉलेजांनी केलेला नव्हता, पण त्याचा भार त्यांच्याच प्रशिक्षकांवर आला. आठ महिन्यांसाठी आलेल्या पाहुण्याला मिनिटं द्यायची तर दोन वर्षं वाट पाहिलेल्या, तिसऱ्या वर्षाच्या ज्युनियरच्या ताटातून काढावी लागतात.

करार व्हायच्या जेमतेम आधीचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. 2005 चा विजेता नॉर्थ कॅरोलायना. त्यांचा एक फ्रेशमन फॉरवर्ड वर्षभरात एकाही सामन्यात पहिल्या पाचांत नव्हता. प्रत्येक वेळी बेंचवरून आला, सरासरी वीस-बावीस मिनिटं खेळला, आणि जूनमध्ये ड्राफ्टला दुसऱ्या क्रमांकावर गेला. त्याच्या पुढे ज्युनियर आणि सीनियर होते, संघ जिंकत होता, कुणी तक्रार केली नाही. आज असं घडलं तर जानेवारीपर्यंत प्रशिक्षकाचं जगणं मुश्कील होईल.

मग 2007 आला. ओहायो स्टेटचा फ्रेशमन सेंटर अंतिम सामन्यात 25 गुण आणि 12 रिबाउंड्स (हुकलेल्या फटक्यांनंतर पकडलेले चेंडू) घेऊनही हरला, 84-75. समोरच्या फ्लोरिडाचे पाचही सुरुवातीचे खेळाडू आदल्या वर्षीचे विजेते होते. त्यांतले तिघं व्यावसायिक लीगचे पैसे नाकारून परत आले होते, आणि त्या जूनमध्ये तिघंही पहिल्या दहांत निवडले गेले. त्यामुळे ‘प्रतिभा हरली, अनुभव जिंकला’ असं सरसकट म्हणताना जपावं. फ्लोरिडाकडे दोन्ही होतं.

या सगळ्या प्रवासात मी सर्वांत जास्त वेळ थांबतो तो केंटकीच्या 2014-15 च्या हंगामापाशी. आदल्या एप्रिलमध्ये त्यांचा पाच फ्रेशमनचा संघ अंतिम सामन्यात कनेक्टिकटकडून 60-54 हरला होता, आणि कनेक्टिकटचा गाडा एका सीनियर गार्डने ओढला होता. त्यानंतर जाणार अशी अपेक्षा असलेले अनेक जण थांबले. वर चार नवे नावाजलेले फ्रेशमन आले. इतर कुठल्याही विद्यापीठात सहज तीस मिनिटं खेळतील असे दहा जण एका जिममध्ये जमले. मिनिटं मात्र दोनशेच.

प्रशिक्षकांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे प्लॅटून. दहांचे दोन गट. पहिल्यात दुसऱ्या वर्षाचे जुळे गार्ड, दोन ज्युनियर आणि एक फ्रेशमन सेंटर. दुसऱ्यात तीन फ्रेशमन आणि दोन सोफोमोर, म्हणजे दुसऱ्या वर्षाचे. पाचच्या पाच एकदम बाहेर, पाचच्या पाच एकदम आत. ऑगस्टमध्ये बहामाच्या दौऱ्यावर हे करून पाहिलं, नोव्हेंबरमध्ये कॅन्ससवर वापरलं आणि 72-40 असा निकाल लागला. समोरचा संघ दमायचा आणि मग ताजे पाच जण अंगावर यायचे. डिसेंबरमध्ये एका ज्युनियरच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि शुद्ध प्लॅटून संपला, पण वाटणीचं तत्त्व तेच राहिलं. पुढे ड्राफ्टला पहिला आलेला तो सेंटर सामन्याला जेमतेम 21 मिनिटं खेळत होता. तीस मिनिटांच्या जवळपासही कुणी नव्हतं. 38 सामने, 38 विजय.

एकोणचाळिसावा उपांत्य सामना होता, विस्कॉन्सिनशी. विस्कॉन्सिनचा कारभार बरोबर उलटा. सीनियर सेंटर, पाचव्या वर्षाचा गार्ड, थोडे बदल, तेच चेहरे शेवटपर्यंत. शेवटच्या काही मिनिटांत पुढे असलेल्या केंटकीने घड्याळ खेळवायला सुरुवात केली, आणि लागोपाठ तीनदा शॉट क्लॉक (फटका मारायला मिळणारा ठरावीक वेळ) संपेपर्यंत चेंडू रिंगपर्यंत पोचलाच नाही. विस्कॉन्सिन जिंकलं, 71-64.

टीकाकारांचं म्हणणं होतं की चेंडू सेंटरकडे जायला हवा होता, बेंचवरच्या फ्रेशमन शूटरला जास्त मिनिटं हवी होती, आणि वर्षभर सारखं वाटल्यामुळे शेवटी खेळायचं कुणी हे ठरलंच नव्हतं. जून आला तेव्हा त्यांना आणखी बळ मिळालं. दोन फ्रेशमन बाराव्या आणि तेराव्या क्रमांकावर गेले, आणि तेरावा तोच बेंचवरचा शूटर होता. जुळ्यांतला एक 44 वा, दुसऱ्याला कुणी निवडलंच नाही.

मला हा दोष पूर्ण पटत नाही. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, उपांत्य सामन्यातच, याच विस्कॉन्सिनविरुद्ध, त्या जुळ्यांतल्या एकाने शेवटच्या सहा सेकंदांच्या आत थ्री मारून केंटकीला 74-73 जिंकवलं होतं. त्या मार्चमध्ये त्याने असे फटके एकामागोमाग मारले होते. ज्याने हे आधी करून दाखवलंय त्याच्या हातात चेंडू देणं हाच तर अनुभवावरचा विश्वास, आणि तो नेमका त्या प्रशिक्षकाने टाकला ज्याच्यावर कायम पोरांचा नाद असल्याचा आरोप होतो. ड्राफ्ट पाच वर्षांनंतरचा खेळाडू शोधत असतो. प्रशिक्षकाला शनिवारची रात्र काढायची असते. प्लॅटूनचा खरा दोष मला वेगळा दिसतो. त्याने घरात शांतता राखली आणि निवडीचा प्रश्न पुढे ढकलला, आणि तो उपांत्य सामन्याच्या अखेरीस अंगावर आला.

दोनच दिवसांनी, सोमवारी, त्याच मुरलेल्या विस्कॉन्सिनला ड्यूकने अंतिम सामन्यात 68-63 हरवलं. ड्यूकच्या 68 पैकी 60 गुण फ्रेशमनचे. त्यांतला एक वर्षभर सरासरी नऊ मिनिटं खेळला होता. त्या रात्री त्याने 16 केले. सरावात तो काय करतो हे प्रशिक्षक रोज पाहत होते, तरी मार्च उजाडेपर्यंत त्याची पाळी आली नव्हती. याचं कारण बचावात असतं. स्क्रीन (बचाव करणाऱ्याची वाट अंगाने अडवण्याची चाल) लागल्यावर कुणी कुणाला धरायचं, मागून मदतीला कधी सरकायचं, हे एका पोराला चुकलं की पाचही जण उघडे पडतात. ते शिकायला मिनिटं लागतात, आणि मिनिटं मिळायला ते आधी यावं लागतं. नोव्हेंबरमधले दुबळ्या संघांविरुद्धचे सामने यासाठीच सोन्याच्या मोलाचे, कारण जानेवारीनंतर बहुतेक प्रशिक्षक सात-आठ जणांवर येतात.

आता ‘अनुभव’ या शब्दाकडे यावं लागतं, कारण गुंता तिथेच आहे. वर्गाच्या वर्षावरून तो मोजायची सवय पहिल्यापासून सदोष होती. रेडशर्ट फ्रेशमन कागदावर पहिल्या वर्षाचा, पण एक अख्खं वर्ष संघाबरोबर सराव केलेला. उलट, तीन वर्षं बेंच गरम केलेला सीनियर कागदावर अनुभवी, कोर्टवर कोरा. म्हणून आकडेवारीवाल्यांनी दोन वेगळी मापं काढली. एक, खेळाडूचं वर्ष त्याच्या मिनिटांच्या प्रमाणात धरायचं. दुसरं, यंदाच्या मिनिटांपैकी किती मिनिटं गेल्या वर्षी याच संघातल्या याच खेळाडूंकडे होती हे पाहायचं. पहिलं माप वय आणि शरीर सांगतं, दुसरं एकमेकांची सवय. वादात दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो.

2020 नंतर ही दोन मापं एकमेकांपासून तुटली. महामारीचा 2020-21 हंगाम पात्रतेत धरायचा नाही असं ठरलं, त्यामुळे पाचव्या-सहाव्या वर्षाचे खेळाडू सगळीकडे दिसू लागले. 2021 च्या एप्रिलमध्ये एकदा कॉलेज बदलताना वर्षभर बसून राहण्याची अट गेली, 2024 मध्ये कितीही वेळा बदलायला मोकळीक मिळाली. मधेच जुलै 2021 पासून नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवायची परवानगी आली. आता तेवीस वर्षांचा भक्कम गार्ड एप्रिलमध्ये पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, आणता येतो. शाळेतून आलेल्या पोराला शिकवत बसण्यापेक्षा ते सोपं. जो पोरगा पूर्वी दोन वर्षं बेंचवर थांबून तिसऱ्या वर्षी मुरायचा, तो आता पहिल्याच उन्हाळ्यात निघून जातो. माझा जीव तुटतो तो याच्यासाठी. गुणी फ्रेशमनचं कुठेही भलं होतं. हळूहळू पिकणाऱ्या खेळाडूला मात्र एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली वाढायला जागा कमी होत चालली आहे.

2025 च्या उपांत्य सामन्यात ड्यूककडे तीन फ्रेशमन होते, तिघंही पुढे ड्राफ्टच्या पहिल्या दहांत गेले. ह्यूस्टनविरुद्ध शेवटचं मिनिट सुरू असताना ड्यूक सहा गुणांनी पुढे होता. वीस सेकंदांच्या आसपास उरले असताना, आघाडी एका गुणावर आलेली, ह्यूस्टनच्या फॉरवर्डच्या पाठीवरून रिबाउंडसाठी हात गेला आणि फाऊल दिला गेला. हात होता त्या वर्षीच्या देशातल्या सर्वोत्तम फ्रेशमनचा. रेषेवर उभा राहिलेला फॉरवर्ड ह्यूस्टनमध्येच सहावं वर्ष काढत होता, पहिलं रेडशर्टचं. त्याने दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि सामना 70-67 असा संपला. सोमवारी त्याच ह्यूस्टनला फ्लोरिडाने 65-63 हरवलं. फ्लोरिडाचे तीन सीनियर गार्ड तीन वेगवेगळ्या कॉलेजांतून तिथे आले होते.