किडनीची गाळणी गळते कुठून? पोडोसाइटच्या शोधाची पार्श्वभूमी

लंडनच्या गाइज हॉस्पिटलात डॉ. रिचर्ड ब्राइट अंगावर सूज चढलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. ती गढूळ होऊन साकळली, की तिच्यात अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन आहे हे कळे. यातले जे दगावत त्यांच्या किडन्या शवविच्छेदनात बिघडलेल्या आढळत. हा संबंध त्यांनी १८२७ साली छापला. प्रथिनं किडनीतून जातात, एवढं तेव्हापासून ठाऊक होतं. नेमकी कुठून जातात, ते कळायला मात्र शतक उलटलं.

कारण नेफ्रॉटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून प्रथिनं भरपूर जाऊन अंगावर सूज येण्याचा आजार, झालेल्या बऱ्याच मुलांची किडनी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठणठणीत दिसे. पुढे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला आणि १९५७ मध्ये मेरिलिन फार्कर व सहकाऱ्यांनी बिघाड दाखवला. गाळणीतल्या केशवाहिन्यांना पोडोसाइट पेशी बाहेरून वेढून असतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे त्यांचे बारीक पाय बसलेले असतात आणि मधल्या फटींवर पातळ पडदा असतो. या मुलांत ते पाय सपाट झाले होते. पण हे गळतीचं कारण की परिणाम, यावर वाद पुढे बरीच वर्षं चालला.

तो सुटायला मोठी मदत झाली फिनलंडमधल्या एका दुर्मिळ आनुवंशिक आजाराची. हा आजार असलेली बाळं बहुधा दिवस भरण्याआधीच जन्मतात, वार (प्लॅसेंटा) नेहमीपेक्षा बरीच मोठी असते आणि लघवीतून प्रथिनं गर्भातच जाऊ लागलेली असतात. कार्ल त्रिगवासन यांच्या गटाने १९९८ मध्ये यामागचं जनुक शोधलं. त्यापासून बनणारं नेफ्रिन हे प्रथिन त्या फटींवरच्या पडद्यातच सापडलं. मग वाट मोकळी झाली: २००० मध्ये नेफ्रिनला धरून ठेवणारं पोडोसिन आणि पेशीच्या सांगाड्यातलं अल्फा-अ‍ॅक्टिनिन-४, २००५ मध्ये पेशीत कॅल्शियम सोडणारी टीआरपीसी-६ वाहिनी. माझ्या मते किडनीविज्ञानातलं हे सर्वांत फलदायी दशक. मूठभर कुटुंबांच्या जनुकांनी सगळ्यांच्याच किडनीचा नकाशा दिला.

त्यातून क्रम उलगडला. पडद्याकडून पेशीला मिळणारा संदेश बिघडला किंवा कॅल्शियम अति शिरलं, की पेशीचा आकार धरून ठेवणारा अ‍ॅक्टिन या प्रथिनाचा सांगाडा विस्कटतो, पाय सपाट होतात आणि शेवटी पेशी सुटून लघवीत वाहून जाते. पोडोसाइट सहसा विभागत नाहीत, त्यामुळे गेलेल्या पेशीची जागा भरत नाही. उरलेल्यांवर ताण वाढतो, उघड्या पडलेल्या भागावर व्रण धरतो. मधुमेहात सुरुवात वेगळी असते, पण पुढची वाट बरीचशी हीच. गाळणीतला दाब उतरवणाऱ्या कॅप्टोप्रिल या औषधाने टाइप-१ मधुमेहींची किडनी जास्त काळ टिकते, हे १९९३ मध्येच दिसलं होतं. दाब उतरला की पोडोसाइटवरचा ताणही घटतो, हे त्यामागचं एक कारण आता समजलं.

२०१० मध्ये एपीओएल-१ जनुकाची गोष्ट पुढे आली. आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणारे त्याचे दोन प्रकार निद्रारोगाच्या परजीवीपासून वाचवतात, पण दोन्ही पालकांकडून यांपैकी एकेक आला तर ते पोडोसाइटवर उलटू शकतात. त्या प्रथिनाला रोखणाऱ्या इनॅक्साप्लिन या औषधाने २०२३ मध्ये एका छोट्या चाचणीत लघवीतली प्रथिनं घटवली.