साल्सा फ्रेस्का आणि चेलादा

साल्सा फ्रेस्का : टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि मीठ यांचे न शिजवता केलेले मेक्सिकन तोंडीलावणे. स्पॅनिशमध्ये ‘साल्सा’ म्हणजे नुसता सॉस. शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले मीठ आहे. ‘पिको दे गायो’, म्हणजे कोंबड्याची चोच, हेही याचेच नाव. चेलादा : बिअर, लिंबाचा रस आणि मीठ यांचे पेय. मेक्सिकोच्या बोलीत बिअर म्हणजे ‘चेला’. यात तिखट सॉस पडला की मिचेलादा.

कोल्हापूरकराला ही जोडी परकी वाटायचे कारण नाही. परमिट रूममध्ये बिअरसोबत मसाला पापड मागवला की वर पसरून येतो तो जवळपास हाच साल्सा, फक्त चाट मसाल्याखाली दबलेला. नात्याचे मूळही जुने आहे. टोमॅटो आणि मिरची अमेरिका खंडातल्या. मिरची 16व्या शतकात पोर्तुगीजांमार्फत भारतात आली. म्हणजे ज्या खर्ड्यावर कोल्हापूर मिरवते त्यातली मिरचीही पाहुणीच. उलट कांदा, कोथिंबीर आणि लिंबू स्पॅनिशांबरोबर तिकडे गेले. मेक्सिकोतला तीन पायांचा खल, ‘मोल्काहेते’, बेसाल्टचा असतो. आपला पाटा-वरवंटाही त्याच काळ्या दगडाचा.

साल्सा बिघडतो तो पाण्यामुळे. अर्धा किलो टोमॅटो घट्ट, लाल पण न पिचकणारे घ्यावेत. मधला बियांचा गर काढून टाकावा आणि फोडी हरभऱ्याएवढ्या कराव्यात. मिक्सरला हात लावू नये. मिक्सरमध्ये हवा शिरून लाल रंगाचा गुलाबी होतो आणि हाती चटणीसुद्धा नाही असे काहीतरी येते. एक मध्यम कांदा बारीक चिरून गार पाण्यात पाचेक मिनिटे ठेवून निथळला की उग्रपणा जातो. दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर कोवळ्या देठांसकट, एका लिंबाचा रस. मीठ मात्र पाने मांडताना. आधी घातले तर ते टोमॅटोतले पाणी ओढून काढते आणि अर्ध्या तासात वाडग्याच्या तळाशी सार साचते. मिरची लवंगी असेल तर एकीवर भागते. फोडणी, दाण्याचे कूट, साखर यांतले काहीही पडले की ती कोशिंबीर झाली. चांगली लागेल, पण साल्सा नव्हे. सोबत टॉर्टियाचे, म्हणजे मक्याच्या पातळ मेक्सिकन पोळीचे, तळलेले तुकडे असतात. ते नसतील तर भाजलेला उडदाचा पापड चालतो, फक्त वाढण्याआधी त्यावर साल्सा पसरू नये, मऊ पडतो.

चेलादासाठी 650 मिलीची हलकी, गार लागर बिअर दोन ग्लासांना पुरते. ग्लासच्या काठावर लिंबाची फोड फिरवून तो बशीतल्या मिठात टेकवावा. तळाशी अर्ध्या लिंबाचा रस, बर्फ, आणि मग ग्लास तिरका धरून बिअर सावकाश ओतावी. भरल्या बिअरमध्ये चिमूटभर जरी मीठ टाकले तरी दाण्यादाण्याभोवती वायूचे बुडबुडे सुटतात आणि फेस टेबलावर येतो. बिअरने तिखट शमते हा समज चुकीचा आहे. तिखटपणा देणारे कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, बिअर बहुतांशी पाणीच, आणि तिच्या बुडबुड्यांनी जीभ आणखी चुरचुरते. त्यासाठी दहीच बरे.

महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय 21 आहे. लहान मुले, न पिणारे आणि गाडी चालवत परत जाणारे पाहुणे यांच्यासाठी त्याच ग्लासात, त्याच मिठाच्या काठाने, बिअरऐवजी सोडा ओतावा. त्याला मेक्सिकन नाव देऊ नये; ती खारी लिंबू सोडाच.