आखात व उपसागर

आखात व उपसागर : किनारा आत वळल्यामुळे जमिनीने तीन बाजूंनी वेढलेल्या समुद्रभागांना लावल्या जाणाऱ्या संज्ञा, इंग्रजीतील ‘गल्फ’ व ‘बे’ यांचे रूढ मराठी पर्याय. आखात मोठे, अरुंद तोंडाचे व जमिनीत खोल शिरलेले, तर उपसागर रुंद तोंडाचा, असा भेद सामान्यतः सांगतात. नकाशावर तो टिकत नाही. बंगालचा उपसागर सुमारे २६ लाख चौ. किमी. आहे, इराणचे आखात जेमतेम अडीच लाख. तोंडाची कसोटीही फसते : अलास्काचे आखात पॅसिफिककडे सताड उघडे आहे, तर कॅनडाच्या भूमीत खोलवर घुसलेल्या हडसनला इंग्रजीत ‘बे’ म्हणतात. नावे दर्यावर्दींनी दिली, नकाशाकारांनी ती कायम केली, असे मानणेच सयुक्तिक.

‘गल्फ’चे मूळ बहुतांशी निर्विवाद आहे. ग्रीक ‘कोल्पोस’पासून इटालियन व फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. कोल्पोस म्हणजे ऊर, तसेच कमरपट्ट्यावर ओघळणारा वस्त्राचा झोळ. आपल्याकडील ओटीच्या जवळची ही कल्पना. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत भडोचजवळच्या, म्हणजे खंबायतच्या आखाताला हाच शब्द आहे. मात्र इ. स. दुसऱ्या शतकात भूगोलकार टॉलेमीने गंगेच्या मुखापुढील समुद्रालाही ‘गंगेचा कोल्पोस’ म्हटले. म्हणजे आज ‘बे’ म्हणून ओळखला जाणारा बंगालचा उपसागर मुळात ‘गल्फ’च्याच कुळातला ठरतो.

‘बे’बद्दल मतभेद आहेत. सातव्या शतकात सेव्हिलचा (स्पेन) बिशप इसिडोर याने ‘बाइया’ हा बंदरवाचक शब्द माल वाहण्याच्या क्रियापदाशी जोडला. ही लोकव्युत्पत्ती दिसते. काही जण ‘आ वासणे’ अशा अर्थाच्या फ्रेंच धातूकडे बोट दाखवतात. इबेरियातील (स्पेन-पोर्तुगाल) जुन्या, कदाचित बास्क भाषेतील, शब्दाकडे जाणारे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘बॉम्बे’ हे पोर्तुगीज ‘बॉम बाइया’ (चांगला उपसागर) यावरून आल्याचे अजूनही लिहिले जाते. पोर्तुगीजमध्ये बाइया स्त्रीलिंगी असल्याने तिथे ‘बॉम’ नव्हे, ‘बोआ’ हवे. मुंबादेवीवरून आलेले ‘मुंबई’ हेच मूळ मानणे योग्य.

मोजमाप दिले ते कायद्याने, तेही फक्त ‘बे’ला. १९५८च्या प्रादेशिक समुद्राविषयीच्या जिनीव्हा करारातील व्याख्या १९८२च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराच्या दहाव्या कलमात कायम आहे. मुखावर रेषा ओढून तिला व्यास मानायचे. आतील पाण्याचे क्षेत्र त्या व्यासाच्या अर्धवर्तुळाइतके किंवा अधिक असले पाहिजे. मुख २० सागरी मैल असेल, तर आत निदान १५७ चौ. सागरी मैल पाणी हवे. कमी भरल्यास ते केवळ किनाऱ्याचे वळण. मुख २४ सागरी मैलांहून (सुमारे ४४ किमी.) रुंद नसेल, तर रेषेआतील पाणी त्या देशाचे अंतर्गत जल, म्हणजे जमिनीसारखेच त्याच्या पूर्ण ताब्यातले पाणी, ठरते. किनारा एकाच देशाचा हवा, ही अट आहे. ‘ऐतिहासिक उपसागर’, म्हणजे ज्यांवर दीर्घकाळ हक्क बजावला गेला आहे असे, या नियमातून वगळले आहेत. नावाने आखात असलेला भागही या कलमापुढे ‘बे’च. एल साल्वादोर, होंडुरास व निकाराग्वा यांच्यामधील फोन्सेकाच्या आखाताला मध्य अमेरिकी न्यायालयाने १९१७ मध्ये ‘ऐतिहासिक बे’ ठरवले.

‘आखात’ संस्कृत ‘खन्’ (खणणे) धातूवरून आलेला आहे. हिंदीत बंगाल आणि खंबायत दोहोंना ‘खाड़ी’च म्हणतात, मराठीत खाडी म्हणजे ठाणे-वसईसारखे भरतीचे पाणी आत घेणारे मुख. लहान ‘बे’ला मात्र ‘उपसागर’ हा भारदस्त शब्द पेलत नाही. मुंबईचा ‘बॅक बे’ मराठीतही बॅक बे म्हणूनच वावरतो.