मामलेदार मिसळ

ठाणे पश्चिमेला तहसील कचेरीलगतच्या उपाहारगृहात मिळणारी तिखट मिसळ, आणि तिच्यावरून त्या उपाहारगृहाला पडलेले नाव. मूळचे कर्नाटकातील मुर्डेश्वरचे असलेल्या नरसिंह मुर्डेश्वर यांनी ते सुरू केले. सुरुवातीचे साल बहुधा १९४६ दिले जाते. स्वातंत्र्याच्या आगेमागे एवढे तरी निश्चित धरता येते. त्यांच्यामागे चिरंजीव लक्ष्मण मुर्डेश्वर यांनी ते अनेक दशके चालवले आणि ठाण्याबाहेर त्याची ख्याती त्यांच्याच काळात पसरली.

नाव : ‘मामलेदार’ हा शब्द अरबी ‘मुआमला’ (व्यवहार, कारभार) आणि फारसी ‘दार’ हा प्रत्यय यांपासून आलेला. मराठीत मामला, मामलत, मामलतदार व मामलेदार ही सगळी रूपे रुळली. पेशवाईत मामलतदार व कमाविसदार असे दोन वसुली अधिकारी आढळतात. मामलतदाराकडे मोठा मुलूख व कमाविसदाराकडे लहान, अशी वाटणी काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते कागदोपत्री हे शब्द बरेचदा एकमेकांच्या जागी येतात आणि काटेकोर फरक करता येत नाही. दुसरे मत अधिक सावध वाटते. इंग्रजी अमलात कलेक्टरच्या हाताखाली तालुक्याचा वसुली अधिकारी म्हणून मामलेदाराचे स्थान पक्के झाले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये ‘तहसीलदार’ हे पदनाम आहे. गोव्यात मात्र ‘मामलतदार’ आजही सरकारी शब्द आहे. ठाण्यात कचेरीच्या पाटीवरून मामलेदार गेला तरी लोकांच्या तोंडी तो राहिला, आणि त्याचे मोठे श्रेय या मिसळीला द्यावे लागेल. आज ठाण्यातल्या शाळकरी मुलाला हा शब्द ठाऊक असतो तो खाण्यामुळेच.

नावाचा संबंध एखाद्या मामलेदाराच्या आवडीशी जोडण्याची गरज नाही. कचेरीशेजारची ती मामलेदाराची मिसळ, ही जागेवरून नाव ठेवण्याची सरळ रीत होय. ठाणे तालुक्यात घोडबंदरची गावे येत, तशीच खाडीपलीकडची बेलापूर पट्टी, म्हणजे आजच्या नवी मुंबईचा ऐरोली ते बेलापूर हा भागही येई. सातबारा, फेरफार, वारसनोंद अशा कोणत्याही कामासाठी या गावच्या माणसाला ठाण्याची कचेरी गाठावी लागे. सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत तिष्ठत बसला की त्याला स्वस्त, गरम आणि पोटाला आधार देणारे काही लागे. कारकून, वकील, अर्ज लिहून देणारे आणि पक्षकार एकाच बाकावर बसवणारे खाणे म्हणून या मिसळीचा विचार केला, तरच तिचे शहरातले स्थान कळते.

मिसळीचा उगम : हा प्रश्न वादाचा आहे. ‘मिसळणे’ हे क्रियापद संस्कृत ‘मिश्र’शी नाते सांगते, सरमिसळ, भेसळ हे त्याच कुळातले शब्द, आणि मसाल्याच्या डब्याला ‘मिसळणाचा डबा’ म्हणतात तोही इथलाच. त्यामुळे शब्द जुना आहे म्हणून पदार्थही जुना, असा निष्कर्ष काढता येत नाही. कोल्हापूर, नाशिक आणि पुणे या तिन्ही शहरांत मिसळ आपलीच असल्याचे अभिमानाने सांगितले जाते. गिरणगावातील कामगारांच्या गरजेतून ती आली, असेही मत आहे. उरलेली उसळ आणि फरसाण एकत्र करण्याच्या घरगुती काटकसरीतून ती निघाली, हे आणखी एक.

हे दावे तपासताना मिसळीचे घटक सुटे करून पाहणे उपयोगी ठरते. उसळ देशावरच्या व कोकणातल्या घराघरांतली. शेव-फरसाणाचा व्यवसाय मुख्यतः गुजराती दुकानांनी वाढवलेला. पाव हा शब्दासकट पोर्तुगीजांकडून आलेला, आणि ठाणे-साष्टीवर त्यांचा अंमल मराठ्यांनी १७३७ मध्ये संपवेपर्यंत होता. मिरचीही पोर्तुगीजांनीच आणली. उसळ, फरसाण आणि बेकरीचा पाव रोज स्वस्तात एका जागी मिळणे हे शहरातच शक्य होते. म्हणून पावासह खाल्ली जाणारी आजची मिसळ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रेल्वेने जोडलेल्या शहरांत एकाहून अधिक ठिकाणी आकाराला आली असावी, हे मत ग्राह्य वाटते. ठाणे १८५३ पासून लोहमार्गावर आहे.

तर्री : ठाण्याच्या मिसळीची खरी चर्चा तर्रीभोवतीच फिरते. कोल्हापूरकडे तिला ‘कट’ म्हणतात. काही जण पातळ रश्शाला कट आणि वरच्या तेलाला तर्री असा भेद करतात. तांबडा रंग व तिखटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे लक्षात घ्यावे. ब्याडगी मिरची भरपूर रंग देते पण तिखट कमी असते. लवंगी जातीचे याच्या उलट. मिरचीतील रंगद्रव्ये आणि तिखटपणा देणारे कॅप्सेसिन हे दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीच. त्यामुळे कांदा-खोबऱ्याचे वाटण तेल सुटेपर्यंत परतून, आच उतरवून मिरचीपूड घालायची आणि लगेच गरम पाणी ओतायचे, ही रीत पडली. आच मोठी राहिली तर पूड करपून रंग काळपट व चव कडवट होते. रस्सा मंद उकळत राहिला की तेल वर येते आणि रंग व तिखट दोन्ही घेऊनच येते. वाढपी पळी वरच्यावर फिरवतो की तळातून ढवळून घेतो, यावर एकाच पातेल्यातली मिसळ सौम्य किंवा जहाल ठरू शकते. अशा तिखटावर पाणी पिऊन आग शमत नाही, ताकाने शमते; दुधातील केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवते.

मामलेदारकडे ‘मीडियम’ की ‘तिखट’ हे आधी सांगावे लागते, आणि नवख्याने मीडियमच सांगावे. थाळीत फरसाणाच्या कडेने तांबड्या तेलाची रेघ उमटते. पहिल्या दोन घासांत फरसाण कुरकुरीत असते, चौथ्या-पाचव्या घासाला ते रस्सा पिऊन मऊ पडते. मिसळ थांबून खाण्याचा पदार्थ नाही तो यामुळे. तोवर कपाळावर घाम आलेला असतो, नाक वाहत असते आणि हात पुन्हा पावाकडे गेलेला असतो. बालपणापासून ठाण्यात असलेल्या प्रस्तुत नोंदकाराला या चवीची तुलना दुसऱ्या कुठल्याही मिसळीशी करता आलेली नाही, आणि ती करावीशीही वाटत नाही.

मुर्डेश्वर कुटुंब : दक्षिण व उत्तर कानडा जिल्ह्यांतून मुंबई परिसरात येऊन उपाहारगृहे काढणाऱ्यांची परंपरा मोठी आहे, माटुंग्यात रामा नायक यांनी उडुपी भोजनगृह काढले ते १९४२ मध्ये. मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांनी इडली, डोसा असे आपल्या मुलखाचे पदार्थ आणले. मुर्डेश्वरांनी मराठी पदार्थ हाती घेतला आणि तो इतका आपलासा केला की ठाणेकरांना त्यात परकेपणा कधी जाणवला नाही. वडिलांच्या पश्चात लक्ष्मण मुर्डेश्वर यांनी तरुण वयातच दुकानाची जबाबदारी घेतली. १९८२ मध्ये ठाण्यात महानगरपालिका आली, शहर घोडबंदर रस्त्याने उत्तरेकडे पसरले, तरी या दुकानाने मिसळीलाच धरून राहण्याचे धोरण सोडले नाही. २०२० मध्ये लक्ष्मण मुर्डेश्वर यांचे निधन झाले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्याची ठळक दखल घेतली. एका उपाहारगृहाच्या मालकाच्या वाट्याला असा मान क्वचित येतो.

पुढे मामलेदार मिसळीच्या शाखा ठाण्यात व ठाण्याबाहेरही निघाल्या. जुने ठाणेकर मात्र पाहुण्याला कचेरीजवळच्या मूळ जागीच घेऊन जातात.