जागल्यांची वकिली (खानदेश)

गैरव्यवहार उघड करणाऱ्या नोकरदारावर किंवा नागरिकावर उगवलेला सूड कोर्टात परतवण्याची वकिली. जागल्या हा मूळचा गावकामगार, रात्री गस्त घालून गावाला सावध करणारा. खानदेशात हे काम बऱ्याच गावांत भिल्लांकडे असे. मराठी वर्तमानपत्रांनी ‘व्हिसलब्लोअर’साठी हाच शब्द उचलला आणि तो चपखल बसला.

अशा माणसासाठी केलेला कायदा कागदावरच आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांचा नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे खून झाला. त्यानंतर २००४ च्या ठरावाने तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याची जबाबदारी केंद्रीय दक्षता आयोगावर आली, पण ती केंद्राच्या कारभारापुरती. २०१४ मध्ये संसदेने जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. तो लागू करणारी अधिसूचना मात्र निघाली नाही. ही ढिलाई अक्षम्य आहे. तिच्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वकिलांना दुसऱ्याच कायद्यांतून वाट काढावी लागते.

कारखान्यातल्या कामगारासाठी १९७१ चा राज्याचा कायदा आहे. वकिलांच्या बोलण्यात त्याखालच्या तक्रारीला नुसते ‘यूएलपी’ (अनफेअर लेबर प्रॅक्टिस) म्हणतात. सूडबुद्धीने किंवा खोट्या फौजदारी प्रकरणात गुंतवून कामावरून काढणे ही त्यात अनुचित प्रथा ठरते. तक्रारीची मुदत ९० दिवस. खासगी शाळेतल्या शिक्षकाला १९७७ च्या कायद्याने शाळा न्यायाधिकरणात अपील करता येते, पण ३० दिवसांत. नेमकी इथेच माणसे फसतात. ‘अध्यक्षांशी बोलून घेऊ’ म्हणत गावातले चार जण मध्ये पडतात आणि महिना निघून जातो. राज्य सरकारचा कर्मचारी ‘मॅट’मध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातो. आरोपपत्र न देता निलंबन तीन महिन्यांपुढे लांबवू नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल त्याच्या फार कामी येतो. महसुली विभाग नाशिकचा असला, तरी ‘मॅट’ आणि उच्च न्यायालय या दोन्हींसाठी खानदेशला औरंगाबाद खंडपीठाकडे जावे लागते. निलंबनात निर्वाह भत्त्यावर घर चालवणाऱ्याला प्रत्येक तारीख जड जाते.

पक्षकार येतो तो पिशवीभर कागद घेऊन. जाणता वकील आधी कोऱ्या कागदावर मधोमध रेघ ओढतो. डावीकडे तक्रारीच्या तारखा, उजवीकडे मेमो, बदली, निलंबन. पाच वर्षे गोपनीय अहवालात ‘उत्कृष्ट’ शेरा असलेला कारकून तक्रारीनंतर बाराव्या दिवशी एकाएकी ‘कामचुकार’ ठरला असेल, तर निम्मा युक्तिवाद त्या कागदावरच उभा राहतो. त्यासाठी तक्रारीच्या प्रतीवर पोहोच हवी: आवक क्रमांक, शिक्का, तारीख. ‘साहेबांच्या हातात दिला होता’ हे कोर्टात टिकत नाही. सांगणारा अहिराणीत सांगतो, ‘मी खरं बोलनू, मना काय गुन्हा?’ त्याचे प्रतिज्ञापत्राच्या मराठीत रूपांतर करताना तपशील गळू न देणे हेही वकिलाचेच काम.

माहिती अधिकारात अर्ज करणाऱ्यांवर खंडणीचा गुन्हा किंवा तडीपारीची नोटीस येऊ शकते. तेव्हा जामिनापासून सुरुवात होते. साक्षीदाराच्या जिवाला धोका असेल, तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. गावात वाळीत पडलेल्या कुटुंबासाठी राज्याचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे.

या लढायांना वेळ किती लागतो, ते जळगावच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात दिसते. महापालिकेचे तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी २००६ मध्ये फिर्याद दिली आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये ४८ जणांना दोषी ठरवले. फिर्यादी सनदी अधिकारी असताना मध्ये तेरा वर्षे गेली.

अमेरिकेत सरकारची फसवणूक उघड करणाऱ्याला वसुलीतला १५ ते ३० टक्के वाटा मिळू शकतो आणि त्यावर तिथली वकिली पोसली जाते. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, वसुलीत वाटाही घेता येत नाही. त्यामुळे केवळ याच खटल्यांवर खानदेशात कुणाचे घर चालत नाही. हे वकील सकाळी वाटणीचे दावे आणि मोटार अपघाताची प्रकरणे चालवतात. निलंबित ग्रामसेवकाची फाईल संध्याकाळी उघडते.