गेमच्या फोल्डरमधला रेड शेल

जून 2018 मध्ये काही चौकस खेळाडूंना पीसी गेमच्या फोल्डरमध्ये एक अनोळखी डीएलएल फाईल सापडली. नाव रेडशेल. डीएलएल म्हणजे मुख्य प्रोग्रामला जोडून चालणारा कोडचा तुकडा. मोठ्या गेममध्ये अशा फाईल्सचा ढीग असतो, आवाजाची एक, चित्रांची दुसरी, नेटवर्कची तिसरी. त्यात एखादी जास्त असली तर कोण बघतंय? ही डोळ्यांत भरली, कारण ती एकाच गेममध्ये नव्हती. ‘सिव्हिलायझेशन 6’, ‘टोटल वॉर’, ‘कोनन एक्झाइल्स’, ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या कंपन्यांच्या गेम्समध्ये तीच फाईल निघायला लागली. युरोपात जीडीपीआर हा माहिती-संरक्षण कायदा 25 मेपासून अमलात आला होता, म्हणजे त्याला महिनाही झाला नव्हता. खेळाडू भडकले. बऱ्याच कंपन्यांनी पुढच्या अपडेटमध्ये ही फाईल काढून टाकली. ‘एल्डर स्क्रोल्स’वाल्यांनी ती नजरचुकीने गेल्याचं सांगितलं.

रेड शेल बनवणाऱ्या इनर्व्हेट या कंपनीचं म्हणणं होतं की हे स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारा प्रोग्राम, नाही, आम्ही नाव, पत्ता, ईमेल काहीच घेत नाही. हे म्हणणं खोटं धरायचं कारण नाही. पण गंमत अशी की या कामाला नाव लागतच नाही.

हे काम काय होतं ते आधी बघू. गेम बनवणारा यूट्यूबवर, फेसबुकवर जाहिरात देतो. लोक त्यावर क्लिक करून स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात जातात आणि काही जण गेम विकत घेतात. कोणत्या जाहिरातीमुळे किती विक्री झाली, हे स्टीम त्या वेळी सांगत नव्हतं. म्हणजे जाहिरातीवर पैसा ओतायचा आणि तो कुठे जिरला ते कळत नाही, अशी स्थिती. रेड शेलने मधला रस्ता काढला. जाहिरातीची लिंक आधी त्यांच्या सर्व्हरवर जायची. तिथे ब्राउझरकडून जे कळेल ते क्षणभरात टिपायचं आणि मग माणसाला स्टीमच्या पानावर पोचवायचं. पुढे कधीतरी गेम पहिल्यांदा सुरू झाला की आतली डीएलएल जागी व्हायची, त्याच गोष्टी कॉम्प्युटरवरून पुन्हा टिपायची आणि सर्व्हरला पाठवायची. दोन नोंदी जुळल्या की निष्कर्ष: हा खेळाडू त्या जाहिरातीतून आला.

टिपल्या जाणाऱ्या गोष्टी कंपनीने स्वतःच जाहीर केल्या होत्या: आयपी पत्ता (म्हणजे इंटरनेट जोडणीचा आकडी पत्ता), ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझरची आवृत्ती, स्क्रीनचं रिझोल्यूशन, कॉम्प्युटरवरचे फॉन्ट आणि गेममधला खेळाडूचा आयडी. एकेक सुटी घेतली तर यात लपवण्यासारखं काय आहे? 1920 बाय 1080 चा स्क्रीन घरोघरी असतो.

इथे थोडं गणित करावं लागेल. हो-नाही उत्तराच्या प्रत्येक प्रश्नाने गर्दी निम्मी होते, असं धरा. या एका प्रश्नाएवढ्या माहितीला एक बिट म्हणतात. चारांतल्या एकाकडे असणारी गोष्ट 2 बिट सांगते, हजारांतल्या एकाकडे असणारी जवळजवळ 10 बिट. दोनाचा 33 वा घात सुमारे 859 कोटी होतो, म्हणजे पृथ्वीवरचा कुठलाही एक माणूस वेगळा काढायला 33 बिट पुरतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने 2010 मध्ये सुमारे 4 लाख 70 हजार ब्राउझर तपासले. त्यांतले 83.6 टक्के एकमेवाद्वितीय निघाले आणि ब्राउझर स्वतःबद्दल सरासरी किमान 18.1 बिट सांगून टाकतो, असं दिसलं.

18 बिटांवर जगातला माणूस सापडत नाही, हे खरं. पण रेड शेलला जग शोधायचं नव्हतं. समजा जाहिरातीवर 10 हजार जणांनी क्लिक केलं. त्या 10 हजारांतला एक ओळखायला 14 बिटही पुष्कळ झाले. शोधायची गर्दी आधीच लहान केलेली असली की किरकोळ खुणाही पुरतात, आणि या सगळ्या धंद्याचं मर्म इथेच आहे.

यात सगळ्यांत बोलके फॉन्ट. नव्या कोऱ्या विंडोजवर सगळ्यांचे फॉन्ट जवळपास सारखे असतात. पण मराठी डीटीपी किंवा टायपिंग करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर श्रीलिपीचा संच असतो, शेजारी सुरेख, किरण, कृतिदेव, वर कुणीतरी लग्नपत्रिकेसाठी टाकून दिलेले चार नक्षीदार. या यादीचा हुबेहूब जुळा दुसऱ्या कॉम्प्युटरवर सापडणं कठीण. दिवसा पत्रिका आणि रात्री गेम, असा कॉम्प्युटर आपल्याकडे शेकड्याने सापडेल, आणि त्याचा मालक फॉन्टच्या यादीवरूनच उघडा पडतो.

‘आम्ही फॉन्टची यादी पाठवत नाही, फक्त तिचा हॅश पाठवतो’, असं अशा कंपन्या सांगतात. हॅश म्हणजे माहितीचं ठरावीक लांबीच्या आकड्यात केलेलं पीठ. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. बरोबर आहे, पण त्याच गव्हाचं दर वेळी तंतोतंत तेच पीठ पडतं. जुळवणी करणाऱ्याला तेवढंच हवं असतं. आयपी पत्त्याच्या बाबतीत तर हा पडदा अगदीच विरळ. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण सुमारे 429 कोटी. नुसता हॅश केला आणि त्यात गुप्त किल्ली मिसळली नाही, तर या सगळ्यांचे हॅश काढून जुळणारा शोधायला गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड काही सेकंद घेतं.

ही जुळवणी चुकतेही. कॉलेजने एकाच लॉटमध्ये घेतलेले 40 लॅपटॉप, सारखे फॉन्ट, हॉस्टेलचं एकच वायफाय: इथे कोण कोणाचं हे यंत्राला कळत नाही. क्लिक मोबाईलवर आणि गेम पीसीवर असला तर घरचा आयपी सोडून काहीच जुळत नाही. मोबाईल डेटावर एकच आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असू शकतो. जाहिरातवाल्याला याने फरक पडत नाही, त्याला सरासरीशी मतलब. चुकीची नोंद मात्र कुणाच्या तरी खात्याला चिकटते.

आता आपल्या कॉम्प्युटरवर काय चाललंय ते बघायचं असेल तर विंडोजमध्येच सोय आहे. गेम चालू ठेवून डेस्कटॉपवर या, स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधा, ‘नेटवर्क’ टॅबवर गेमच्या प्रोसेसपुढे टिक करा. खालच्या तक्त्यात तो कोणकोणत्या पत्त्यांशी बोलतोय ते दिसतं. एकट्याने खेळायचा गेम मेन्यूवर नुसता उभा असताना चार-पाच वेगळ्या ठिकाणी माहिती धाडत असेल, तर ते पत्ते नेटवर शोधून बघा. क्रॅश रिपोर्ट आणि अपडेटची तपासणी ही रास्त कारणंही निघतील; सगळं बाहेर जाणारं वाईट नसतं.

नको असलेला पत्ता बंद करायला होस्ट्स फाईल आहे; कोणत्या नावाचा आकडी पत्ता कोणता, हे विंडोज आधी तिथे बघतं. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम32, ड्रायव्हर्स, ईटीसी अशा वाटेने गेलात की सापडते. 2018 मध्ये खेळाडूंनी हेच केलं: रेडशेल डॉट आयओ हे नाव आणि त्याचं ‘एपीआय’ने सुरू होणारं उपनाव यांच्या आधी 0.0.0.0 लिहिलं, म्हणजे हाक शून्यात जाते. नोटपॅड ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा, नाहीतर सेव्ह होणार नाही. ‘सेव्ह ॲज’ केलंत तर नोटपॅड मुकाट्याने शेवटी टीएक्सटी चिकटवतं आणि मग विंडोज त्या फाईलकडे ढुंकूनही बघत नाही; ‘सेव्ह ॲज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडा. होस्ट्स फाईलला ‘काहीही चालेल’ अशा अर्थाच्या जोकर खुणा (जसा तारा *) कळत नाहीत, प्रत्येक उपनाव वेगळं लिहावं लागतं. आणि लॉगिन व हेरगिरी एकाच पत्त्यावरून चालत असेल तर हा उपाय गेमच बंद पाडतो. चतुर कंपन्या नेमकं हेच करतात. डीएलएल हाताने उडवू नका: गेम सुरूच होत नाही, किंवा फाईल्सची तपासणी केली की स्टीम ती परत आणून ठेवतो.

मोबाईलवर एवढ्या खटपटीची गरजच ठेवलेली नाही, कारण तिथे फोनलाच जाहिरातीचा आयडी दिलेला असतो आणि फुकटच्या गेममधली डझनभर एसडीके, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे आत बसवलेले तयार कोडचे संच, तोच वाचतात. दोन गेम, दोन कंपन्या, पण आयडी एक. फॉन्ट मोजायची गरज कुणाला? आयफोनवर एप्रिल 2021 पासून, आयओएस 14.5 आल्यापासून, ॲपला आधी परवानगी मागावी लागते. अँड्रॉइड 12 पासून पुढे हा आयडी पुसता येतो: सेटिंग्जमध्ये ‘ॲड्स’ शोधा, ‘डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी’ दाबा. त्यानंतर विचारणाऱ्या ॲपला नुसती शून्यं मिळतात. गेममध्ये लॉगिन मात्र त्याच फोन नंबरने केलंत, तर जुळवणीला नवा धागा तुम्हीच दिलात.

मुलांच्या फोनवर हे आधी करा. अमेरिकेत 13 वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांना न विचारता घेतल्याच्या आरोपावरून ‘फोर्टनाइट’च्या एपिक गेम्सने डिसेंबर 2022 मध्ये 27.5 कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. आपल्याकडे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मूल म्हणजे 18 वर्षांखालचं, आणि त्याचा माग काढणं, वागणुकीवर पाळत ठेवणं, त्याला नेम धरून जाहिरात दाखवणं यांना बंदी आहे. दंड 200 कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, पण या तरतुदींना 18 महिन्यांची मुदत दिली आहे. तोवर खाते उघडताना जन्मतारखेच्या रकान्यात पोरं 1990 टाकणार आणि गेमही ते मुकाट्याने मान्य करणार.