नोटीस नाही म्हणून कोड फुकट होत नाही

‘फाइलच्या डोक्यावर कॉपीराइटची ओळ नाही, म्हणजे कोड कोणीही उचलावा’ हा समज कॉलेजच्या प्रोजेक्टपासून ऑफिसपर्यंत सगळीकडे भेटतो. तो अगदीच हवेतून आलेला नाही. अमेरिकेत १ मार्च १९८९ पूर्वी अशी ओळ, म्हणजे कॉपीराइटची नोटीस, न लावता काम प्रसिद्ध केलं, तर हक्क खरोखर गमावण्याची वेळ येई. त्या दिवसापासून तिथे बर्न करार (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) लागू झाला आणि नोटीस ऐच्छिक झाली. भारतात १९५७च्या कायद्यानुसार कोड लिहिला की हक्क आपोआप येतो, नोंदणीचीही सक्ती नाही. (कायद्याच्या लेखी संगणक प्रोग्राम ही ‘साहित्यकृती’, थेट कवितेच्या पंगतीत!)

म्हणून गिटहबवर (कोड ठेवण्याची वेबसाइट) लायसन्सविना, म्हणजे वापराची परवानगी न लिहिता, पडलेला कोड वाचा, तिथल्या तिथे फोर्क करा, म्हणजे आपल्या खात्यात प्रत घ्या. पण आपल्या प्रॉडक्टमध्ये घालायचा तर मालकाला विचारा.

दुसरं टोक म्हणजे ‘एमआयटी लायसन्स आहे ना, मग काहीही चालतं’. हे लायसन्स कोड मोकळेपणाने वापरू देतं खरं, पण त्यात एक अट आहे: मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रतीसोबत राहिला पाहिजे. लोक नेमकी तीच ओळ पुसून स्वतःचं नाव टाकतात. तुम्ही भर घातली असेल तर खाली तुमची ओळ जोडा, वरचीला हात लावू नका.